वर बातमी चढत नाही

"खाली काय बघतोस? बोल्ट दे," भिवा म्हणाला.

"सायकल आली."

"येऊ दे. बोल्ट दे."

रेडिओच्या त्या टॉवरच्या शेंड्यावरून गोंदवाडीचा रस्ता माळावर टाकून दिलेल्या करगोट्यासारखा दिसायचा. त्यावरून एक सायकल येत होती. मी लोकांना सांगतो की वरून मला कोल्हापूरच्या देवळाचा कळस दिसायचा आणि कळसावरचा कावळा नर की मादी तेही कळायचं. ते सोडा. सायकलवाल्याचं तोंड काही मला ओळखू आलं नव्हतं. पण सायकल मारताना दोन्ही गुडघे बैलाच्या शिंगांसारखे बाहेर काढणारा माणूस त्या पंचक्रोशीत एकच होता. माझा मेहुणा, रंगराव.

माझी बायको हौसा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, गोंदवाडीला. कळा सुरू झाल्याचा निरोप आदल्या दिवशीच आला होता. मी तसाच निघालो, तर नागोजी मुकादमाने मला फाटकातच अडवलं.

"सुईण आहेस का तू?"

"नाही."

"मग जाऊन काय करणार? ओसरीवर बसून विड्या ओढणार. त्यापेक्षा सकाळी वर चढ. शेवटचा टप्पा तेवढा बसव आणि माझी सायकल घेऊन जा. दुपारनंतर वारा सुटतो, मग हा टप्पा पुढच्या आठवड्यावर गेला म्हणून समज."

टप्पा म्हणजे टॉवरचा एक तुकडा. तीन लोखंडी शिड्या कडेला कड जोडून उभ्या कराव्यात तसा, माणसाच्या तिप्पट उंच. असे तुकडे एकावर एक चढवत टॉवर वाढतो. टॉवरच्या शेंड्याला एक खांब बांधायचा, तो शेंड्याच्याही वर काढायचा आणि त्याच्या डोक्याला कप्पी. कप्पीवरून दोर खाली जमिनीवरच्या विंचला, म्हणजे दोर गुंडाळायच्या रहाटाला. विंच ओढणार, टप्पा वर येणार. येताना वाऱ्याने तो टॉवरवर आपटू नये म्हणून त्याच्या बुडाला आणखी एक दोर बांधून खालची माणसं तो बाजूला ओढून धरणार. त्या दोराला आम्ही लगाम म्हणायचो. वर दोघं जण, भिवा आणि मी, कमरेच्या पट्ट्याने टॉवरला बांधलेले. टप्पा डोक्यावर आला की हाताने भोकाला भोक जुळवायचं आणि बोल्ट ठोकायचा. बोटं मध्ये आली तर बोटं गेली. विंचवाल्याला "हाबेस" म्हटलं की तो वर घेणार, "आरिया" म्हटलं की खाली सोडणार. नागोजी मुकादम हे दोन शब्द पत्र्याच्या नरसाळ्यातून ओरडायचा आणि दिवसभरात तिसरा शब्द बोलला तर पाऊस पडेल असं आम्ही म्हणायचो.

त्याचा एक नियम होता. वर बातमी चढत नाही. टॉवरवर माणूस असताना खाली काही का होईना, सोन्याची खाण सापडो नाहीतर घराला आग लागो, वरच्याला कळवायचं नाही. त्याचे पाय जमिनीला लागले, तो पाणी प्यायला, की मग सांगायचं. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"एका टॉवरवर एकाला खालून ओरडून सांगितलं, तुझा मुलगा मॅट्रिक पास झाला," मुकादम म्हणाला. "त्याने टाळी वाजवली."

"मग?"

"दोन्ही हातांनी."

ही गोष्ट खरी असावी. मुकादमाला थापा जमत नसत. थापांचं खातं माझ्याकडे होतं.

मला तो नियम ठाऊक होता, म्हणून सकाळी चढण्याआधी मी इस्माईलचाचांना गाठलं. इस्माईल परकार, दाभोळकडचे, अर्धं आयुष्य जहाजावर काढलेले. वर जाणारी प्रत्येक वस्तू तेच बांधायचे. दुसऱ्या कुणी बांधलेलं मुकादम वर जाऊच द्यायचा नाही. चाचा ताटावर बसल्यासारखे दोरखंडाच्या वेटोळ्यासमोर मांडी घालून बसले होते.

"चाचा, मुलगा झाल्याचा निरोप आला तर हातदोराच्या टोकाला बोलीन बांधा. मुलगी झाली तर खुंटगाठ. बाकी काही नको."

हातदोर म्हणजे बोल्टची पिशवी वर ओढायचा आमचा बारीक दोर. बोलीन म्हणजे न आवळणारा, न सरकणारा फासा. माणूससुद्धा त्यात बसवून खाली उतरवतात. खुंटगाठ तर कुणालाही येते, म्हैस बांधणाऱ्यालाही.

"मुकादमाचा नियम आहे," चाचा म्हणाले.

"बातमी कुठे पाठवायचीय? नुसती गाठ."

"तू कोकणातला असतास तर वकील झाला असतास."

"बांधाल ना?"

"सर्जेराव, मी गाठ भार उचलायला बांधतो. तिच्याकडून बोलणी करून घेत नाही." आणि त्यांनी दोराचं टोक दातात धरलं. म्हणजे संपलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. इस्माईलचाचांनी हो म्हटलं की ते व्हायचंच. पत्त्यांत हातातलं पान कुठलं म्हणून विचारलं तर दाखवून टाकणारा माणूस, त्यामुळे त्यांना खेळायला कुणी घेत नसे.

तर सायकल आली. फाटकापाशी थांबली. तोवर टप्पा टॉवरच्या मध्यावर लोंबत होता, लगाम ताणलेला होता. मुकादम नरसाळं खाली ठेवून फाटकाकडे गेला. रंगराव त्याच्याशी बोलला. काय बोलला, किती बोलला, वरून काही कळेना. वरून माणसं म्हणजे नुसती टोप्या आणि पागोटी. मग मुकादमाने रंगरावाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बसवलं.

"काय झालं?" मी ओरडलो.

मुकादम नरसाळ्याशी आला. "हाबेस!"

विंच कुरकुरला. टप्पा चढू लागला.

"पाठीवर हात का ठेवला असेल?" मी भिवाला विचारलं.

"घाम पुसला असेल," भिवा म्हणाला. भिवा कामापुरतं बोलायचा आणि तेही तंबाखू थुंकून झाल्यावर.

मी पिशवी खाली सोडली. बोल्ट संपले, असं हाताने दाखवलं. पिशवी वर आली. बोल्ट होते, नट होते, पिशवी नेहमीच्या आकड्याला अडकवलेली. गाठ नव्हती. मी पिशवी पुन्हा सोडली आणि या वेळी त्यात माझं मुंडासं टाकलं. काहीतरी उलट उत्तर येईल अशी आशा. मुंडासं घडी घालून परत आलं.

"बघ की रे," मी भिवाला म्हटलं, "त्यांना नक्की माहीत आहे."

"तू बोल्ट धर."

"मुलगी असेल म्हणून सांगत नसतील का? मला मुलगीही चालेल. मी सांगितलं होतं त्यांना खुंटगाठ बांधा म्हणून. चालत नसती तर सांगितलं असतं का?"

"धर म्हणतो ना."

मी धरला आणि तो हातातून सुटला. भिवाने बघितलं, मीही बघितलं. बोल्ट पडताना आवाज करत नाही. खूप वेळ काहीच झालं नाही आणि मग शेडचा पत्रा तोफेसारखा वाजला. खालच्या टोप्या चारी दिशांना पांगल्या. रंगराव शेडमधून बाहेर आला आणि परत आत गेला.

"तुझा हात बघ," भिवा म्हणाला.

माझा हात शेळीच्या शेपटीसारखा हलत होता. मी तो लोखंडावर दाबून धरला. टप्पा आता आमच्या पायांच्या खाली, हाकेवर आला होता. तो पुढे चढवायचा तर माझे हात हवेत. परत खाली सोडायचा तर लगामाच्या माणसांनी अख्ख्या टॉवरभर तो सांभाळत न्यायचा. वारा भिवाच्या टोपीच्या कडेत शिरायला लागला होता.

मुकादमाने हात वर केला. विंच थांबला. मुकादम आणि इस्माईलचाचा एकमेकांजवळ गेले. दोन टोप्या, मुकादमाची पांढरी, चाचांची जाळीची. बराच वेळ तशाच होत्या. मग पांढरी टोपी बाजूला झाली. जाळीची टोपी हातदोरापाशी आली, खाली वाकली. हातदोराला दोन हिसके बसले. ओढ, अशी खूण.

मी ओढला. पिशवी नव्हती. दोर हलका येत होता, आणि मी तो असा ओढत होतो जणू टोकाला म्हैस आहे. टोक वर आलं.

बोलीन होती. न आवळलेली, गोल, तळहात मावेल एवढी. सुटं टोक फाशाच्या आत, जसं असायला हवं तसं, आणि ते टोक उसवू नये म्हणून त्याला वर दोऱ्याचे वेढे घातलेले. अशा गाठीला तसे वेढे कुणी घालत नाही.

"मुलगा," मी म्हटलं.

भिवाने ती गाठ हातात घेऊन बघितली आणि मला परत दिली. "पोरगं तुझ्यावर न जावो," तो म्हणाला.

त्यापुढे मी काय काय बोललो ते मला आठवतं, आणि भिवालाही आठवायचं, कारण तो पुढे वर्षभर त्याची टिंगल करायचा. टप्पा चढत होता आणि मी सांगत होतो की माझ्या बापाने एका वादळात एवढा उंच टॉवर धरून ठेवला होता, टॉवर वाऱ्याने इतका वाकला की बाप कऱ्हाडच्या बाजारात टेकला, तिथे त्याने वांगी घेतली, सुट्टे परत घेतले, आणि टॉवर सरळ झाला तेव्हा वांग्यांसकट वर.

"टॉवर त्या काळी होता कुठे?" भिवा म्हणाला.

"नव्हता. म्हणून तर धरून ठेवावा लागला."

भिवा हसला. भिवा हसला म्हणजे काय ते त्याला न पाहिलेल्याला सांगून कळायचं नाही. त्याला पट्टा घट्ट करावा लागला.

टप्पा डोक्यावर आला. "आरिया," मी हाताने खूण केली, "आरिया, आरिया, बोटभर." विंचवाल्याने बोटभर सोडला. भोकाला भोक असं बसलं जसं पानाला चुना. पहिला बोल्ट मी ठोकला. माझा हात दगडासारखा होता. मी त्या दिवशी बसवलेल्या टप्प्याइतका सरळ टप्पा त्या टॉवरला दुसरा नाही. ही थाप नाही. अजून उभा आहे, कुणीही जाऊन ओळंबा लावावा.

खाली उतरताना मी पायऱ्या सोडून नुसता घसरत आलो म्हणा. हातदोराचं टोक मी पट्ट्यात खोचलं होतं.

पाय जमिनीला लागले. कुणी पुढे आलं नाही. गूळ नव्हता. लगामाचे दोघं दोर गुंडाळत होते, तो आधीच गुंडाळलेला असूनही. इस्माईलचाचा कप्पीला तेल घालत होते. सगळ्यांच्या टोप्या परत टोप्याच झाल्या होत्या, खाली तोंडं नव्हती.

"पाणी पी," मुकादम म्हणाला.

"आधी गूळ आणा, मग पाणी."

"पाणी पी, सर्जेराव."

मी पाणी प्यालो. तांब्या पुरता रिकामा केला. मुकादम तो रिकामा होईपर्यंत थांबला.

"हौसा बरी आहे," तो म्हणाला. "बाळ राहिलं नाही. पहाटेच गेलं."

मी तांब्या त्याच्या हातात दिला. मग आठवून परत घेतला आणि विसळला. विसळून माठावर पालथा घातला.

इस्माईलचाचा उठून उभे राहिले. तेलाची डबी त्यांच्या हातात होती.

"मी बांधली," ते म्हणाले. "मुकादम नको म्हणाला होता. मी बांधली."

"हो," मी म्हटलं. "बघितली मी."

"तुझा हात हलत होता."

"हो."

"गाठ खोटी बांधली मी."

मी पट्ट्यातून टोक काढलं. बोलीन सोडायला सोपी असते, कितीही भार पडला तरी. मी आधी दोऱ्याचे वेढे काढले, मग गाठ सोडली आणि दोर त्यांना दिला. "चांगली होती," मी म्हटलं. त्यांनी दोर घेतला आणि वेटोळं करायला लागले. वेटोळं चुकलं. त्यांनी परत सोडलं आणि परत घातलं.

रंगराव शेडमधून बाहेर आला. "चला दाजी," तो म्हणाला. आम्ही एकाच सायकलवर गेलो. मी पुढच्या दांडीवर बसलो. त्याचे गुडघे दर फेऱ्याला मला लागत होते आणि दर वेळी तो "लागलं का?" विचारत होता.

गोंदवाडीला पोचलो तेव्हा सासरे बांधाकडून परत आले होते. त्यांच्या धोतराला माती होती. बघायचं असं काही राहिलं नव्हतं. ओसरीवर मला चहा दिला. चहा प्यायलो. रंगरावाच्या बायकोने खोलीचं दार लोटलं आणि मला आत जा म्हणून खुणावलं.

हौसा भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी बाजेच्या पायथ्याशी बसलो.

"कधी कळलं?" तिने विचारलं. तोंड फिरवलं नाही.

"खाली उतरल्यावर."

"वर असताना?"

हौसाशी मी थापा मारत नसे. तशी तिला माझ्या थापा लांबून वास येऊन कळायच्या, वांगी जळल्यासारख्या. मी तिला सगळं सांगितलं. बोलीन, खुंटगाठ, घडी घालून आलेलं मुंडासं, पत्र्यावर पडलेला बोल्ट. बापाची वांगीही सांगितली. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं.

"म्हणजे टप्पा बसेतोवर तुम्हाला मुलगा होता," ती म्हणाली.

"हो."

"मुलगी होती."

बाहेर रंगराव सायकल धूत होता. पाण्याचा आवाज येत होता.

"केस होते दाट," हौसा म्हणाली. "कपाळावर आलेले."

ती माझ्याकडे वळली. तिचं तोंड सुजलेलं होतं आणि डोळे कोरडे होते.

"त्या चाचांना काय माहीत आहे?"

"बाळ गेलं एवढंच. रंगरावाने तेवढंच सांगितलं."

"मग नका सांगू त्यांना मुलगी होती म्हणून."

"का?"

"एवढी नीट बांधली त्यांनी," ती म्हणाली. आणि परत भिंतीकडे वळली.

पुढे आम्हाला दोन मुलगे झाले आणि एक मुलगी झाली. तिघंही शाळेत गेली, तिघंही थापा मारण्यात बापावर गेली. मी आणखी पुष्कळ टॉवर चढलो. इस्माईलचाचांनी मात्र काही दिवसांनी काम सोडलं. हात चालेना म्हणाले. खोटं नसेल, ते खोटं बोलत नसत, त्या एका वेळेखेरीज.

दाभोळकडे काम निघालं की मी त्यांच्याकडे जायचो. अंगणात माडाखाली खाट टाकून बसलेले असायचे. चहा झाला, मुकादमाची चौकशी झाली, की ते एकच विचारायचे.

"तुझा थोरला आज केवढा असता?"

"चौथीत असता, चाचा."

पुढच्या खेपेला, "मिसरूड फुटलं असतं आता."

"फुटलं असतं."

"टॉवरवर नेला असतास का?"

"नसता नेला."

"नको नेऊस," ते म्हणायचे आणि मान हलवायचे. मीही हलवायचो. हौसाने सांगितलेलं मी पाळलं. कशाकशाच्या गोष्टी मी रंगवून सांगितल्या, हत्ती कप्पीवर चढवल्याची, वीज मुठीत धरल्याची. पण चाचांसमोर बसलो की मला एक शब्द जास्तीचा सुचायचा नाही. ते विचारणार, मी असता म्हणणार, संपलं.

शेवटचा गेलो तेव्हा त्यांना दिसत नव्हतं. मला आवाजावरून ओळखलं. सुनेने चहाची बशी त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी तशीच धरून ठेवली. पूर्ण शुद्धीत होते. बाळ कधी गेलं, गाठ कुणी बांधली, टप्पा कितवा होता, सगळं त्यांनी मला परत सांगितलं, मीच विसरलो असेन अशा बेताने.

"थोरला आज," ते म्हणाले, आणि पुढचं विचारेनात.

चहा निवत होता. मी बशी त्यांच्या हातातून घेऊन खाली ठेवली.

"मास्तर झाला, चाचा," मी म्हटलं.

त्यांचं तोंड माझ्याकडे वळलं. मला वाटलं, आता हाकलतील. माडावर एक झावळी घासत होती.

"कुठल्या गावी?" त्यांनी विचारलं.

मी गाव सांगितलं.

"लांब आहे," चाचा म्हणाले. "सुट्टीला येतो ना?"

"येतो," मी म्हटलं.